कुकाबुरा : आमच्या परसातला हसरा खंड्या (जो मुळात हसतच नाही)

ओसरी (ब्रिस्बेन)

सासूबाई नवरात्रानंतर पहिल्यांदाच इकडे आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला आमच्या खोलीच्या दारावर टकटक. "अगं, मागच्या बाजूला माणसं हसतायत. चार-पाच तरी असतील. प्यायलेली वाटतात. पोलिसांना सांगायचं का?"

मी अर्धवट झोपेत म्हटलं, "आई, पक्षी आहेत ते." त्यांचा विश्वास बसला नाही. मग चहा ठेवला आणि दोघी मागच्या पायरीवर बसलो. उजाडल्यावर तारेवर चौघं ओळीने दिसले आणि त्यांनी पुन्हा सूर लावला. आई चहा सांडेपर्यंत हसल्या.

तर हा कुकाबुरा. आठ वर्षं झाली, रोज बघतेय. आधीच सांगते, मी पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून जे दिसतं ते आणि त्यापायी जे वाचलं ते लिहितेय.

दिसायला म्हणाल तर पहिल्या नजरेत ध्यानच वाटतो. अंगापेक्षा डोकं मोठं, मान जवळजवळ नाहीच, आणि त्या डोक्यावर अडकित्त्यासारखी जाडजूड चोच, वरची बाजू काळी आणि खालची हाडाच्या रंगाची. पोट-छाती मळकट पांढरी, पाठ आणि पंख तपकिरी, डोळ्यावरून मागे गेलेला गडद पट्टा. शेपटी तांबूस, त्यावर काळे आडवे पट्टे. निळा रंग शोधावा लागतो. पंखावर फिकट निळ्या ठिपक्यांचा शिडकावा असतो, आणि नराच्या पाठीच्या खालच्या टोकाला बऱ्याचदा निळसर झाक. मादी जराशी मोठी, पण लांबून दोघं सारखेच. लांबी ४०-४५ सेंटिमीटर. खंड्याच्या कुळात वजनाने हाच सगळ्यात भारी.

हो, खंड्याच! पण पाण्याशी याचं फारसं देणंघेणं नाही. मासे क्वचित, तेही कुणाच्या तरी बागेतल्या हौदातले. याचं सगळं लक्ष जमिनीवर. नाकतोडे, भुंगेरे, गांडुळं, गोगलगायी, उंदीर, सरडे, साप. शिकारीची पद्धत म्हणजे बसून राहणं. अर्धा अर्धा तास वाळवणाच्या खांबावर मातीच्या गणपतीसारखा स्थिर. डोळे खोबणीत फार फिरत नाहीत म्हणून तो सगळं डोकंच तिरकं करून बघतो, आणि मग एकदम सरळ खाली झेप.

मागच्या आठवड्यात माझ्यापासून सहा-सात फुटांवर त्याने सापसुरळी पकडली. आमच्या कुंपणाची वरची लाकडी पट्टी आहे, तिच्यावर येऊन बसला. चोचीत तिला मधोमध धरलेली. मग धोबी दगडावर कपडा आपटतो तसं सुरू झालं. मान डावीकडे, थप्प. उजवीकडे, थप्प. तिसऱ्या की चौथ्या आपटीला शेपूट तुटून खाली कुंडीत पडलं आणि तिथे एकटंच वळवळत राहिलं. हा मात्र थांबायला तयार नाही. मी मोजत होते, एकवीस. ती कधीच मेली होती, पण हाडं मऊ झाल्याशिवाय गिळायची नाही असा हिशोब असावा. शेवटी चोच वर केली, तिला डोक्याकडून आत सरकवलं, दोन आवंढे, आणि झालं. लाकडावर एक ओला डाग राहिला. आईंनी तो नंतर गरम पाण्याने पुसून काढला, "शी, इथेच आपण मिरच्या वाळत घालतो" असं म्हणत.

न पचलेलं तो घुबडासारखं गोळी करून ओकतो. खांबाखाली करड्या बोटभर गोळ्या सापडतात. काडीने फोडली तर भुंगेऱ्यांच्या पाठीचे चकचकीत तुकडे, बारीक हाडं, खवले निघतात. आमच्या लेकीने काडेपेटीत तीन जपून ठेवल्यात. आईंना अजून माहीत नाही.

आता हसण्याबद्दल. आपल्याला हसणं वाटतं ती हद्दीची आरोळी असते. एक जण खालच्या आवाजात "कू-कू-कू" असं घशातल्या घशात सुरू करतो, मग डोकं मागे, शेपटी ताठ वर, आणि "का-का-का-का" असा फवारा. घरचे बाकीचे मिसळतात. संपलं की सगळे गप्प. कान देऊन ऐकलंत तर दोन गल्ल्या पलीकडून दुसऱ्या कुटुंबाचं उत्तर येतं, मग ओढ्यापलीकडून तिसऱ्याचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला रोज. "आम्ही अजून इथेच आहोत, किती जण आहोत ते मोजून घ्या," एवढाच त्याचा मतलब. कुकाबुरा स्थलांतर करत नाही, बाराही महिने तीच जागा राखतो. थोडक्यात, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन रात्री काठी आपटतो ना, ते.

आमच्या चौघांतले दोन आईबाप आणि दोन मागच्या वर्षीची पिल्लं. ती घर सोडून गेलेली नाहीत. त्याबद्दल पुढे लिहीन, कारण सध्या त्यांच्याकडे काहीतरी चाललंय. मागच्या मोठ्या निलगिरीवर (इथे गम ट्री म्हणतात) उंचावर वाळवीचं वारूळ आहे आणि त्यात एक गोल भोक आहे.

-----

गुगली

छान लिहिलंय. मला कुकाबुरा म्हणजे फक्त चेंडू माहीत! मेलबर्नची कंपनी, १८९० पासूनची. आपल्याकडच्या कसोटीत एसजीचा चेंडू, ऑस्ट्रेलियात कुकाबुराचा. पंधरा-वीस षटकं झाली की शिवण बसते आणि मग फलंदाज हसतात. हसण्याचा संबंध तिथे असावा.

-----

डिंकलाडू

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. काडेपेटीचं कळल्यावर काय झालं ते नक्की लिहा.

-----

पाणवठा (पुणे)

ओसरीताई, मस्त धागा. थोडी भर घालतो.

आपला नेहमीचा खंड्या, पांढऱ्या छातीचा, चॉकलेटी डोक्याचा, तोही पाण्यावर अवलंबून नाही. पाषाण तलावापेक्षा आमच्या सोसायटीतल्या विजेच्या तारेवर जास्त दिसतो. सरडे, टोळ, प्रसंगी दुसऱ्यांची पिल्लंसुद्धा खातो. आपटून मारायची सवय तीच. तोही उडताना खिंकाळल्यासारखं हसतो. म्हणजे स्वभाव एकच, फक्त आपला २८ सेंटिमीटरचा आणि भडक निळा. घराबाबत मात्र फरक. आपला ओढ्याच्या दरडीत बोगदा खणतो, कुकाबुरा झाडाची ढोली नाहीतर वारूळ धरतो.

नावाची गंमत. कुकाबुराच्या शास्त्रीय नावात दुसरा शब्द आहे 'नोवेगिनी', म्हणजे न्यू गिनीचा. हा पक्षी न्यू गिनीत नाहीच! पिएर सॉनरा नावाच्या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने न्यू गिनीला जाऊन पाहिल्याचं लिहिलं, आणि तिथे तो गेलाच नव्हता. त्याच्यावर विसंबून १७८३ मध्ये नाव ठेवलं गेलं आणि नियमाप्रमाणे तेच चिकटलं. हा सॉनरा आपल्याला परका नाही. सह्याद्रीत पहाटे आरवतो तो राखी रानकोंबडा, त्याच्या शास्त्रीय नावात हेच महाशय बसलेत.

पहिला शब्द 'डासेलो'. तो म्हणजे खंड्याच्या जुन्या लॅटिन नावाची, 'अल्सेडो'ची, अक्षरं उलटीपालटी करून केलेला शब्द. १८१५ मध्ये लीच नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने केला. शब्दकोडं सोडवणाऱ्या माणसाचं काम वाटतं.

-----

ओसरी

पाणवठा, रानकोंबड्याचं माहीत नव्हतं, भारीच! आणि कुकाबुरा हे नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या विराजुरी भाषेतलं, 'गुगुबारा' अशासारखा मूळ शब्द. आवाजावरूनच. आपण कावकाव करणाऱ्याला कावळा म्हणतो तसंच. गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी याला 'हसरं गाढव' म्हटलं होतं. बरं झालं ते टिकलं नाही.

-----

नीरफणस (डार्विन)

आमच्याकडे तुमचा हसरा नाही. इथे निळ्या पंखांचा कुकाबुरा. डोळा फिकट, त्यामुळे सतत रोखून बघतोय असं वाटतं. डोळ्यावरचा गडद पट्टा नाही. पंखावर निळा अगदी ढळढळीत. यात नर-मादी झटकन ओळखता येतात, नराची शेपटी निळी, मादीची तांबूस.

पण हसणं? छे. सुरुवात बरी होते आणि मग कुणीतरी गळा आवळल्यासारखा किंचाळून बंद पडतो. जुन्या मोटारसायकलला किक मारताना व्हायचं तसं. हा मात्र न्यू गिनीच्या दक्षिण भागातही आहे, म्हणजे ते नाव खरं तर याला शोभलं असतं.

-----

चिंबोरी (सिडनी)

माझी तक्रार नोंदवून घ्या. गेल्या रविवारी उद्यानात बार्बेक्यू. मी ताटलीत सॉसेज घेऊन वळले, कानाजवळून वारा गेला आणि सॉसेज गायब. वर फांदीवर महाशय त्याला आपटतायत! शिजलेलं, मेलेलं, मसाला लावलेलं सॉसेज! मुलं खूश, मी उपाशी. आणि तुम्ही याचं कौतुक करताय.

शेजारी एक आजोबा राहतात, ते रोज संध्याकाळी कठड्यावर खिम्याचे गोळे ठेवतात. पाच-सहा कुकाबुरे येतात. बघायला छान वाटतं, पण ते ठीक आहे का?

-----

पाणवठा

सॉसेज आपटणं साहजिक. त्याच्या डोक्यात 'चोचीत काहीतरी लांबट आहे' एवढं आलं की मान आपोआप चालते.

खिमा चांगला नाही. तो सरडा खातो तेव्हा हाडं, खवले, सगळं आत जातं. नुसत्या खिम्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. पोट भरतं आणि हाडं ठिसूळ होतात, वाढत्या पिल्लांची तर जास्तच.

-----

ओसरी

+१. शिवाय खिमा चोचीच्या कडेला चिकटून कुजतो. आजोबांना पाण्याचं पसरट भांडं सुचवून बघा. हे पक्षी अंघोळीचे शौकीन. समोरच्यांच्या पोहण्याच्या तलावात आमचा थोरला वरून दाणकन पडतो, परत फांदीवर, परत दाणकन. चार-पाच वेळा. मग पिसं विंचरत बसतो, लग्नाला निघाल्यासारखा.

-----

सुपारी (पर्थ)

इथे कौतुक थोडं आवरतं घ्या मंडळी. पश्चिम ऑस्ट्रेलियात हा मूळचा नाही. पूर्वेकडून आणून १८९७ च्या सुमारास सोडायला सुरुवात झाली. टास्मानियातही असाच आणलेला. इथल्या सरड्यांना आणि छोट्या पक्ष्यांच्या पिल्लांना असा शिकारी माहीत नव्हता. आमच्या झाडीत तो बसला की छोटे पक्षी घोळका करून त्याच्यावर तुटून पडतात, त्यांना हसू येत नसावं.

-----

ओसरी

सुपारी, पटलं. पूर्वेलाही छोटे पक्षी त्याला असंच हुसकतात. घरटी लुटतो तो, त्यात शंका नाही.

जाता जाता, आपणही कमी नाही. १८६० च्या दशकात मेलबर्नला किडे खायला म्हणून साळुंक्या आणून सोडल्या. आज त्या इथल्या पोपटांच्या ढोल्या बळकावून बसतात. लोक इथे साळुंकीला 'इंडियन मैना' म्हणून शिव्या घालतात, तेव्हा मला उगाच अंगाला लावून घ्यायला होतं. आणि ढोली काही वर्षा-दोन वर्षांत तयार होत नाही. निलगिरीला कुकाबुरा मावेल एवढी ढोली पडायला शंभराहून जास्त वर्षं जातात. नवीन वसाहतीत रस्त्याकडेला कितीही रोपं लावा, याला घर मिळत नाही.

-----

काकडआरती

हसण्याबद्दल एक गोष्ट. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला युआलाई नावाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्याकडे असं सांगतात की पूर्वी सूर्य नव्हता. भांडणात कुणीतरी एमूचं अंडं आभाळात भिरकावलं, ते तिथल्या लाकडांच्या ढिगावर फुटलं आणि जाळ झाला. वरच्या देवमाणसांना तो उजेड आवडला, रोज पेटवायचं ठरलं. पण खालच्यांना जागं कोण करणार? पहाटेचा तारा झोपलेल्यांना दिसत नाही. मग काम कुकाबुराला दिलं. म्हणून मुलांनी त्याची नक्कल करायची नाही, केली तर सुळ्यावर जास्तीचा दात उगवतो.

आमच्याकडे पहाटेचं काम काकडआरतीकडे आहे म्हणून सांगितलं.

-----

डिंकलाडू

जास्तीचा दात! मुलाला सांगितलं, त्याने लगेच नक्कल करून आरशात बघितलं.

-----

ओसरी

घरातल्या चौघांबद्दल लिहायचं राहिलं होतं.

वारुळात अंडी असावीत. भोक त्यांनीच पाडलेलं, ऑगस्टमध्ये. समोरच्या फांदीवरून बाणासारखं सुटायचं आणि चोच पुढे करून धाडकन वारुळावर आदळायचं. इतक्या जोरात की मला वाटे मान मोडणार. खोबण पडल्यावर मग चिकटून कोरणं. आत गवत-काड्या काही घालत नाहीत. उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी.

चौघंही आळीपाळीने आत जातात. म्हणजे मागच्या वर्षीची पोरंही उबवायला बसतात. एकाच्या उजव्या पायाचं नख तुटलेलं आहे म्हणून तो मला नक्की ओळखता येतो. आई जाते बाहेर, हा आत. आमच्या सासूबाईंचं मत असं की यात नवल काय, थोरल्याने धाकट्याला सांभाळायचंच असतं. त्या स्वतः पाच भावंडांत थोरल्या.

कॅनबेराच्या पक्ष्यांवर सारा लेग या शास्त्रज्ञ बाईंनी बरंच काम केलंय. ते वाचताना मला वाटत होतं, मदतनीस जास्त तर पिल्लं जास्त जगत असणार. तसं सरळ गणित निघालं नाही. मदतनीस असले की आईबापांच्या खेपा कमी होतात, ते थकत नाहीत. हे मला पटलं. आईंमुळे माझ्या लेकीचा अभ्यास वाढलेला नाही, पण मी संध्याकाळी पायरीवर बसून हे लिहू शकतेय.

-----

पाणवठा

पिल्लांचं ते दुसरं प्रकरण सांगणार की मी सांगू?

-----

ओसरी

सांगा तुम्हीच. माझ्याच्याने आईंसमोर बसून लिहवत नाही.

-----

पाणवठा

अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत. त्यामुळे तिसरं पिल्लू बहुतेक वेळा सगळ्यात लहान. उघडी-नागडी, डोळे मिटलेली असतानाच थोरली दोघं त्याच्यावर हल्ला करतात. पिल्लाच्या वरच्या चोचीच्या टोकाला यासाठी आकडाच असतो, मोठेपणी तो जातो. भरपूर खायला असेल तर तिसरं वाचू शकतं. नसेल तर पहिल्या काही दिवसांत संपतं. आईबाप मध्ये पडत नाहीत.

-----

चिंबोरी

अरे देवा. मला वाटलं सॉसेज चोरणं हाच याचा मोठा गुन्हा.

-----

नीरफणस

गरुडांत पण होतं हे. पण गरुडाकडून अपेक्षा असते.

-----

डिंकलाडू

आणि तीच वाचलेली पिल्लं पुढच्या वर्षी घरी राहून धाकट्यांना भरवणार? डोकं चालेना.

-----

ओसरी (डिसेंबर)

धागा वर काढतेय. आईंचं परतीचं तिकीट परवाचं, त्या "लिहून टाक गं" म्हणून मागे लागल्या.

गेल्या मंगळवारी पहिलं पिल्लू भोकातून डोकं काढून बसलं. दिवसभर नुसतं बसलं. चौघं समोरच्या फांदीवर सरडे नाचवून दाखवतायत, हे जागचं हलेना. बुधवारी सकाळी भुर्रकन खाली, चक्क आमच्या तुळशीच्या कुंडीजवळ. चोच आखूड, सगळीकडून काळपट, शेपटी अर्धीच. आई लांबून त्याच्याशी बोलत होत्या, आणि नख तुटलेला थोरला वरून माझ्या डोक्यावर नजर ठेवून होता. अर्ध्या तासाने ते धडपडत कुंपणावर चढलं, तिथून फांदीवर. गुरुवारी दुसरं आलं.

तिसरं आलं नाही. अंडी किती होती ते मला दिसलं नव्हतं, त्यामुळे तिसरं होतं की नव्हतं कोण जाणे. आई शुक्रवारपर्यंत रोज भोकाकडे बघत होत्या. मी त्यांना पाणवठ्यांचा प्रतिसाद वाचून दाखवलेला नाही.

आज पहाटे सगळे तारेवर. बापाने खालचा सूर लावला, आई मिसळली, मग दोघं थोरले. दोन नवीन मध्ये. त्यातल्या एकाने बघून बघून डोकं मागे टाकलं, आखूड शेपटी वर केली, चोच उघडली, आणि आतून आलं "गर्र". परत प्रयत्न, "गर्र-क". दार नीट तेल न घातलेलं असावं तसं. बाकीचे आपले गातच होते, कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

आईंनी ते फोनवर रेकॉर्ड करून सांगलीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. पहिला प्रश्न आला, "कोण आजारी आहे?"

(काडेपेटी सापडली. फोटोंच्या कपाटात होती. आठ दिवस घरात फिनेलचा वास.)

-----

डिंकलाडू

मी या कंसासाठीच थांबले होते.